चुलीचे माप कोण ठरवते?

मालवणपासून तारकर्ली-देवबागपर्यंतच्या किनाऱ्यावर गॅसची शेगडी आता नवलाची राहिलेली नाही. तरीही मागच्या पडवीत चूल आढळतेच. आंघोळीचे पाणी, उकड्या तांदळाची पेज, सणावाराचा मोठा स्वयंपाक यांसाठी ती लागते. अलीकडे तर 'चुलीवरचे जेवण' मागणाऱ्या पाहुण्यांसाठी नव्या चुलीही बांधल्या जाऊ लागल्या आहेत. चिऱ्याचा ओटा, त्यावर गेरूचा हात, कडेने रांगोळीची नक्षी आणि वरच्या फळीवर घासून लख्ख केलेली पितळेची भांडी. चूल देखणी दिसते. पण पेटवल्यावर तिच्यापुढे बसणाऱ्या बाईच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, तर त्या देखणेपणाचा उपयोग काय? चुलीची प्रमाणे डोळ्याने ठरवायची की विस्तवाने, हा प्रश्न या लेखात आपण तपासून पाहू.

झग्याची झाली फळी

महाबळेश्वरच्या इंग्रजी काळातील काही बंगल्यांत भिंतीतली शेकोटी दिसते. तिच्याभोवती लाकडाची किंवा दगडाची चौकट आणि वर एक फळी असते. या चौकटीला व फळीला 'मँटल' म्हणतात. झगा या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचेच हे दुसरे रूप. पूर्वी युरोपात शेकोटीवर धूर गोळा करणारी मोठी टोपी असे. ती झग्यासारखी पुढे पसरलेली असे. पुढे धुराडे भिंतीत गेले, टोपी आक्रसली आणि मागे उरली ती फळी. तिच्यावर घड्याळे आणि तसबिरी आल्या. धुरासाठी जन्मलेली वस्तू अशी शोभेची झाली.

शेकोटीची प्रमाणे मात्र विस्तवाच्याच हाती राहिली. तोफेला भोक पाडताना निर्माण होणारी उष्णता अभ्यासणारा काउंट रम्फर्ड विज्ञानशिक्षकांना माहीत आहे. त्यानेच १७९६ साली शेकोट्यांवर निबंध लिहिला. खोल, चौकोनी शेकोटीतली बरीचशी उष्णता धुराड्यातून निघून जाते, हे त्याने ओळखले. शेकोटी उथळ करावी, बाजूच्या भिंती तिरप्या ठेवाव्यात, दर्शनी तोंड पाठीच्या भिंतीच्या तिप्पट रुंद असावे आणि धुराड्याचा घसा सुमारे ४ इंचच ठेवावा, असे त्याने सांगितले. तिरप्या भिंतींमुळे उष्णता खोलीत परतते आणि अरुंद घशामुळे धूर वेगाने वर जातो.

फळीलाही नियम आहे. अमेरिकेतील बांधकाम नियमांनुसार शेकोटीच्या तोंडापासून ६ इंचांच्या आत लाकूड चालत नाही. १२ इंचांपर्यंतचे लाकूड, तोंडापासून ते जितके इंच दूर असेल त्याच्या एक अष्टमांशाइतकेच पुढे येऊ शकते. म्हणजे ८ इंचांवरची पट्टी फक्त १ इंच पुढे. चौकट वर जाताना पायरीपायरीने पुढे येणे डोळ्याला जे डौलदार वाटते, ते आगीच्या दृष्टीनेही बरोबर असते.

भांडे आणि ज्योत

आता आपल्या चुलीकडे वळू. लाकूड थेट जळत नाही. ते तापले की त्यातून ज्वलनशील वायू निघतात आणि ज्योत असते ती या वायूंची. त्यांना पुरेशी हवा, तापमान आणि जागा मिळाली तर ते पूर्ण जळतात. भांड्यात पाणी असेतो त्याचा तळ शंभर अंशांच्या फारसा वर जात नाही. भांडे फार खाली बसले, तर ज्योत या थंड तळावर आपटून अर्धवट विझते. न जळलेला कार्बन भांड्याला काजळी म्हणून चिकटतो आणि उरलेला हवेत धूर म्हणून मिसळतो. भांडे फार वर असेल, तर मधल्या गार हवेत उष्णता वाया जाते.

चुलीच्या काठावर भांडे टेकायला जे तीन उंचवटे ठेवतात, त्यांची उंची म्हणूनच महत्त्वाची. एक साधा हिशोब करू. चुलीचे तोंड १५ सें.मी. रुंद व १२ सें.मी. उंच आहे असे समजा. त्याचे क्षेत्रफळ १८० चौ.सें.मी. झाले. त्यातली अर्धी जागा लाकडांनी व्यापली, तर हवेला ९० चौ.सें.मी. उरतात. वरच्या भोकाचा व्यास २० सें.मी. असेल, तर परीघ सुमारे ६३ सें.मी. होतो. आत येणाऱ्या हवेइतकीच वाट बाहेर जायला हवी असेल, तर फट निदान दीड सें.मी. हवी, कारण ६३ × १.५ = ९४.५. तापलेले वायू प्रसरण पावतात, म्हणून ती थोडी अधिकच बरी. सारवता सारवता हे उंचवटे झिजून अर्ध्या सें.मी.वर आले, की वायूंची वाट तुंबते आणि ज्योत पुढच्या तोंडातून बाहेर येते. 'चूल तोंडाने धुरते' ही तक्रार अनेकदा एवढ्याशा मातीची असते.

वरची फळी

कोकणातल्या चुलीवर फळी किंवा बांबूची ताटी टांगलेली असे. पावसाळ्यात तिच्यावर ओली लाकडे, सोले, सुके मासे ठेवत. ही खरी उपयोगी मँटलच म्हणायची! तिचे विज्ञानही मजेशीर आहे. ओल्या लाकडाच्या १ किलो वजनात ३०० ग्रॅम पाणी आहे असे धरू. ते तापवून त्याची वाफ करायला सुमारे ७६५ किलोज्यूल लागतात. उरलेल्या ७०० ग्रॅम कोरड्या लाकडातून साधारण १२,६०० किलोज्यूल मिळतात. म्हणजे पाण्यावर खर्च होणारी उष्णता सहा टक्केच. मग ओले लाकूड इतके का छळते? कारण वाफ ज्योतीचे तापमान उतरवते आणि वायू अर्धवट जळतात. नुकसान उष्णतेपेक्षा धुराचे अधिक. वरची फळी हा धूर कमी करते.

पण ती किती उंच असावी? फार वर असेल तर लाकूड वाळत नाही. फार खाली असेल तर धोका. वर्षानुवर्षे शंभर अंशांच्या पुढे तापत राहिलेले लाकूड हळूहळू कोळशासारखे होत जाते आणि कमी तापमानालाही पेटू शकते. त्यात धुराचा डांबरट थर चढलेला असतो. नारळाची चुडते व सोडणे यांचा जाळ एकदम उंच उठतो. म्हणून माप घ्यायचे ते सर्वांत मोठ्या जाळाच्या वेळी. फळीच्या खालच्या अंगाला तापमापी धरावी. ७० अंशांच्या वर पारा गेला तर फळी वर घ्यावी, असे आम्ही सुचवू.

धुराची वाट

जुन्या घरात धूर कौलांच्या फटींतून झिरपत जाई. वाशांना काजळी धरे, पण घरात धूर साचून राहण्याला थोडा आळा बसे. त्याच मापाची चूल स्लॅबच्या खोलीत आणली की ही वाट बंद होते. रूप तेच, परिणाम वेगळा.

अशा वेळी टोपी व धुराडे हवे. धूर वर जाताना भोवतालची हवा ओढून घेतो आणि रुंदावत जातो. टोपी चुलीपासून जितकी उंच, तितकी ती चारही बाजूंनी अधिक पुढे यायला हवी. उंचीच्या चार दशांश, हा एक ढोबळ नियम. ६० सें.मी. उंचीवरची टोपी प्रत्येक बाजूला २४ सें.मी. पुढे हवी. शोभेची छोटी टोपी उंचावर लावली, तर धूर तिच्या कडेने निसटतो.

धुराड्याची ओढ किती असते? ३ मीटर उंच धुराड्यात १८० अंशांचे वायू आणि बाहेर ३० अंशांची हवा असेल, तर दाबातला फरक जेमतेम ११ पास्कल येतो. पाण्याच्या एका मिलिमीटरहून किंचित अधिक! एवढ्याशा दाबाला समुद्रावरून येणारा पावसाळी वारा सहज हरवतो. म्हणून धुराड्याचे टोक छपराच्या आडोशात न ठेवता पुरेसे वर न्यावे, त्यावर टोपण बसवावे आणि आतली काजळी वेळोवेळी काढावी.

मापाची किंमत

१९८३ साली देशात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि २००२ मध्ये तो थांबला. या काळात कोट्यवधी चुली बसल्या, पण बऱ्याच वापरातून गेल्या. धुराडी तुंबली, मोडली. मोठे भांडे बसावे म्हणून भोके वाढवली गेली आणि सगळे प्रमाण बिघडले. हाताने बांधताना माप चुकू नये म्हणून पुढे महाराष्ट्रात साच्यांचा वापर झाला. गॅसजोडणीची उज्ज्वला योजना २०१६ साली आली. तरीही प्रश्न संपलेला नाही. घरातील धुरामुळे २०२० साली जगात ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

वर्गासाठी

विद्यार्थ्यांना घरच्या चुलीची पाच मापे आणायला सांगा : तोंडाची रुंदी व उंची, भोकाचा व्यास, फटीची उंची आणि फळीचे अंतर. वरच्याप्रमाणे आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या वाटांची तुलना करा. चूल पेटलेली असताना खोलीत उदबत्ती धरून हवा कोठून येते व कोठे जाते ते पाहता येईल.

दुसरा प्रयोग शिक्षकांनी स्वतः करावा. २ लिटर पाणी ३० अंशांपासून उकळेपर्यंत तापवा. त्याला ५८५ किलोज्यूल लागतात. जळलेले लाकूड वजन करून मोजा. ३०० ग्रॅम लागले आणि किलोमागे १६,००० किलोज्यूल धरले, तर कार्यक्षमता सुमारे १२ टक्के येईल. मग उंचवट्यांची उंची बदलून प्रयोग पुन्हा करा. आकडा बदलतो का, काजळी वाढते की घटते, याची नोंद ठेवा.

गेरू आणि रांगोळी जरूर असावी. चूल नीटस दिसली की तिची निगाही राखली जाते. मात्र आधी हवेची वाट, मग धुराची वाट, मग फळीचे अंतर आणि शेवटी नक्षी, हा क्रम पाळला तर देखण्या चुलीपुढे बसणाऱ्या बाईचे डोळेही कोरडे राहतील.