हाराधन आणि रंगमन

'रुदाली' हा चित्रपट १९९३ मध्ये आला आणि भूपेन हजारिका हे नाव मराठी घराघरांत पोचले. तो खोल, घुमणारा, थोडासा दमलेला आवाज एकदा ऐकला की विसरता येत नाही. तसा आपला त्यांचा संबंध त्याहूनही जुना. १९५६ साली त्यांनी काढलेल्या 'एरा बाटर सूर' या असमिया चित्रपटात लता मंगेशकर असमिया गाणे गायल्या होत्या. पण हेच भूपेनदा एके काळी दंगलीने पोळलेल्या गावांतून शांततेची गाणी गात हिंडले होते, ही हकिकत आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही.

गोष्ट १९६० सालची. १ मे रोजी महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा आपल्याकडे दिवाळी साजरी होत होती. त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी, जुलैत, आसामात भाषेवरूनच घरे जळत होती. असमिया ही राज्याची राजभाषा व्हावी, अशी ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातल्या लोकांची मागणी होती. इंग्रजी अमदानीत पुष्कळ वर्षे कचेऱ्यांत आणि शाळांत बंगालीचा वरचष्मा होता. त्याची सल जुनी होती. उलट बंगाली भाषकांना वाटे, आता आपले काय? त्यांतले कितीतरी जण फाळणीत घरदार गमावून आलेले निर्वासित. डोंगरी जमातींनाही असमियाची सक्ती नको होती. दंगली पेटल्या, माणसे मेली आणि हजारो बंगाली कुटुंबे मिळेल ते गाठोडे उचलून पळाली.

अशा वेळी दोन मित्र पुढे आले. एक हेमांग विश्वास. जन्म १९१२ चा, सिल्हेट भागातल्या हबीगंजचा, मातृभाषा बंगाली. नावाड्यांची भाटियाली गाणी त्यांच्या गळ्यात मुरलेली. दुसरे भूपेन हजारिका, १९२६ साली सदियाला जन्मलेले, असमिया. दोघेही 'इप्टा' या जननाट्य संघातले. १९४३ साली मुंबईत स्थापन झालेल्या या संघाच्या चळवळीशी आपल्या शाहीर अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे यांचेही नाते होते, म्हणजे घराणे तुमच्या ओळखीचेच.

दोघांनी निरनिराळ्या भाषांचे कलावंत गोळा केले आणि शिलाँगहून (तेव्हा आसामची राजधानी तिथेच होती) पथक निघाले. धाडस केवढे होते, याची कल्पना करा. ज्या गावात काल-परवा शेजाऱ्याने शेजाऱ्याचे घर पेटवले, तिथे असमिया आणि बंगाली गायक एकाच मंचावर उभे राहणार! सभेत भाषण केले असते तर पहिल्या दोन वाक्यांतच लोकांनी वक्त्याची जात-भाषा ओळखून कान मिटले असते.

म्हणून त्यांनी भाषण केलेच नाही. दोघांनी मिळून एक कथागीत रचले, 'हाराधन-रंगमन कथा'. हाराधन हा पूर्व बंगालातून आलेला गरीब निर्वासित, रंगमन हा असमिया शेतकरी. एकाचे बोलणे बंगालीत, दुसऱ्याचे असमियात. दोघांनीही सोसलेले. कोणालाही खलनायक केलेले नाही, आणि मला वाटते गाण्याचे सगळे बळ इथेच आहे. शिवाय त्यात एक व्यवहारी शहाणपण होते. या दोन भाषा इतक्या जवळच्या की लिपीतसुद्धा अवघ्या दोन-तीन अक्षरांचा फरक. ऐकणाऱ्याला दुसऱ्याची भाषा निम्म्याहून अधिक कळतच असते. भांडणात तो ते कबूल करत नाही, एवढेच.

असे गाणे रचायला लागणारी तयारी भूपेनदांची आधीच झालेली होती. बनारसला एम.ए. करून ते अमेरिकेत गेले आणि १९५२ साली कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. विषय गाण्याचा नव्हे, प्रौढशिक्षणात दृक्-श्राव्य साधने कशी वापरावीत हा. तिथे त्यांना कृष्णवर्णीयांचे महान गायक पॉल रोबसन भेटले. गिटार हे नुसते वाद्य नव्हे, ते समाज बदलण्याचे साधन आहे, ही रोबसन यांची शिकवण ते पुढे जन्मभर सांगत. रोबसन मिसिसिपीवर गात. भूपेनदांनी तीच कळ ब्रह्मपुत्रेच्या काठी आणली. मग असमियातले गाणे बंगालीत, बंगालीतले हिंदीत असा त्यांचा प्रवास सुरूच राहिला. नुसते भाषांतर नव्हे. त्या-त्या भाषेतल्या माणसाला ते आपल्याच अंगणातले वाटे. त्यांच्या असमिया ब्रह्मपुत्रेची हिंदीत गंगा झाली, ती अशी.

पथकाच्या दौऱ्याने आसाम शांत झाला का? नाही. २४ ऑक्टोबर १९६० रोजी राजभाषेचा कायदा मंजूर झाला, आणि १९ मे १९६१ रोजी सिलचरला बंगालीसाठी सत्याग्रह करणाऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात अकरा जण गेले. गाण्याने कायदा बदलत नाही आणि बंदुकीची गोळीही अडत नाही. पण भेदरलेल्या गावात दोन्ही बाजूंची माणसे एका जागी येऊन तासभर बसली, हे त्या दिवसांत थोडे नव्हते.

हेमांगदा १९८७ साली गेले. भूपेनदांचे पुढचे आयुष्य सरळ रेषेत गेले नाही. १९६७ मध्ये ते अपक्ष आमदार झाले; २००४ मध्ये भाजपच्या तिकिटावर गुवाहाटीतून लोकसभेला उभे राहिले आणि हरले. त्यांचे जुने डावे चाहते त्या वेळी फार दुखावले. फाळके पुरस्कार १९९२ चा, भारतरत्न मात्र मरणोत्तर, २०१९ मध्ये.

५ नोव्हेंबर २०११ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. पार्थिव गुवाहाटीला नेले. अंत्यदर्शनाला लोटलेली गर्दी संपेना, म्हणून अंत्यसंस्कार एक दिवस पुढे ढकलावे लागले. रांगेत उभे राहून लोक रडत होते आणि त्यांचीच गाणी गात होते.