लग्नपत्रिकेत आईचं नाव कुठं? छापायला टाकण्याआधी आणि व्हॉट्सॲपवर पाठवण्याआधी हे वाचा

पत्रिकेचं प्रूफ मोबाइलवर आलं. गणपतीचं चित्र झकास, मुहूर्त बरोबर, मंडपाचा पत्ता बरोबर. वराच्या नावाखाली लिहिलं होतं, ‘कै. अमुक अमुक यांचे सुपुत्र’. निमंत्रक म्हणून मोठे काका. ज्या बाईने नवरा गेल्यावर धानाची शेती करून मुलाला वाढवलं, मुलगी पाहिली, मंडपाचा ॲडव्हान्स दिला, तिचं नाव अख्ख्या पत्रिकेत कुठंच नव्हतं.

ही माझी आत्या. गाव गोंडपिपरी तालुक्यातलं. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. छापणाऱ्याकडे मजकुराचा तयार साचा असतो, आपण फक्त नावं भरतो, आणि त्या साच्यात विधवा आईसाठी जागाच नसते. आत्येभावाने प्रूफ परत पाठवलं. दुसऱ्यांदा आलं तेव्हा ‘श्रीमती’ लावून आईचं नाव आधी होतं, वडिलांचं नंतर. निमंत्रकातही तिचं नाव पहिलं, काकांचं दुसरं. काका दोन दिवस गप्प होते. हळदीला मात्र सगळ्यांत आधी तेच हजर!

लग्नसराई सुरू होतेय. तुमच्याही घरात हे प्रूफ फिरत असेल, म्हणून हा खटाटोप.

‘चि.’, ‘चि. सौ. कां.’ म्हणजे काय?

‘चि.’ म्हणजे चिरंजीव. ‘सौ. कां.’ म्हणजे सौभाग्यकांक्षिणी, सौभाग्याची इच्छा धरणारी. म्हणजे मुलाला दीर्घायुष्याचा आशीर्वाद आणि मुलीला नवऱ्याचा. पटत नसेल तर दोघांनाही नुसतं ‘चि.’ लावा, चालतं. जुन्या पत्रिकांत ‘यांचा शरीरसंबंध करण्याचे योजिले आहे’ असं सर्रास छापलेलं असायचं. तेव्हा त्याचा अर्थ सोयरीक, विवाह एवढाच होता. आज वाचून पोरं हसतात, म्हणून तो शब्द मागे पडला आणि ‘शुभविवाह’, ‘मंगल परिणय’ आले. साचा बदलतो तो असा. त्यामुळे ‘पूर्वीपासून असंच लिहितात’ हे कारण फारसं टिकत नाही.

‘गं. भा.’ लिहावं का?

‘गंगाभागीरथी’चं हे लघुरूप विधवेच्या नावाआधी लावलं जायचं. एप्रिल २०२३ मध्ये तेव्हाचे महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी ‘विधवा’ऐवजी हा शब्द वापरण्याच्या प्रस्तावावर चर्चा करायला विभागाला सांगितलं, तेव्हा राज्यभर टीका झाली. निर्णय झालेला नाही, असा खुलासा त्यांना करावा लागला. टीकेचा मुद्दा साधा होता. नवरा गेलेला आहे हे बाईच्या नावातून का कळावं? विधुर पुरुषाच्या नावाआधी असं काही लावतो का आपण?

त्याच्या वर्षभर आधी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता. राज्य सरकारने लगेच परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं आवाहन केलं. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं याबद्दल तो ठराव होता. पत्रिकेतून नाव गाळणं त्याच रांगेतलं आहे असं मला वाटतं, फक्त ते दिसत नाही.

आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात याचं उत्तर फार आधीपासून आहे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. इथल्या बौद्ध घरांतल्या पत्रिकांत ‘आयुष्मान’ आणि ‘आयुष्मती’ असतं, आणि गेलेल्या माणसासाठी ‘कालकथित’. नवरा हयात असो वा नसो, बाई आयुष्मतीच राहते. गोंड घरांतल्या पत्रिकांवर ‘जय सेवा’ दिसतं. एकाच तालुक्यात पत्रिकेच्या इतक्या तऱ्हा आहेत, तर छापणाऱ्याचा एकच साचा का धरून बसायचं?

मग लिहायचं कसं?

वडील नसतील तर: ‘श्रीमती (आईचं नाव) व कै. (वडिलांचं नाव) यांचे सुपुत्र/सुकन्या’. निमंत्रक: ‘श्रीमती (आईचं नाव) आणि समस्त परिवार’. आई-वडील वेगळे राहत असतील, तर दोघांची नावं दोन ओळींत. कोण का वेगळं, हे पत्रिकेला सांगायची गरज नाही. सरकारने तर १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आईचं नाव बंधनकारक केलंय, आणि तेही वडिलांच्या आधी. पत्रिकेला असा कुठलाच नियम नाही. घरात ठरलं की झालं.

पत्रिका कागद म्हणूनही लागते

विवाह नोंदणीच्या वेळी लग्नपत्रिका मागतात. गावात ग्रामसेवकाकडे, शहरात स्थानिक संस्थेच्या कार्यालयात. राज्याच्या १९९८ च्या कायद्यानुसार लग्नानंतर ९० दिवसांत नोंदणीचा अर्ज द्यायचा असतो. म्हणून वधूवरांची नावं आधार कार्डावर आहेत तशीच पूर्ण छापा. ‘बाळू’, ‘पिंकी’ हवंच असेल तर कंसात. तारीख आणि ठिकाणही चुकू देऊ नका.

आणि एक गोष्ट स्पष्टच लिहितो. मुलगी १८ आणि मुलगा २१ वर्षांचा नसेल, तर पत्रिका छापूच नका. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ नुसार असं लग्न लावणारेच नव्हे, ते होऊ देणारे आणि त्यात सहभागी होणारेही अडचणीत येतात. २ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अशी पत्रिका तुमच्या हाती आली, तर १०९८ वर फोन करा.

व्हॉट्सॲपवर पाठवली, झालं का?

नाही. आपल्याकडे आवतण तोंडी असतं, अक्षता देऊन असतं. घरचे सगळेच हवे असतील तर ‘चूलबंद’ म्हणून सांगतात, म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटायची नाही. ही बातमी पत्रिकेच्या फोटोत मावत नाही. तेलंगणातल्या सोयऱ्यांकडे जाणं जमणार नसेल, तर आधी फोन, मग पत्रिका. ग्रुपवर टाकलेली पत्रिका म्हणजे सूचना, आमंत्रण नव्हे. ज्येष्ठांना ती लागते, आणि त्यांचं बरोबर आहे.

वेळही खरी लिहा. मुहूर्त ११:३५ आणि अक्षता पडतात दोनला, हे सगळ्यांना माहीत असतं. पण परतीचा रस्ता जंगलातून असेल, तर पाहुण्याला अंधार पडायच्या आत निघावं लागतं. जेवणाची वेळ वेगळी छापली तर अर्धा गोंधळ मिटेल.

आता पाठवायची फाइल. मी इंजिनीअरिंग शिकलोय, त्याचा घरी होणारा एकमेव उपयोग हा. पत्रिका फक्त फोटो किंवा पीडीएफ म्हणून पाठवा. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोली जिल्ह्यातल्या एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर लग्नाचं निमंत्रण आलं. फाइल पत्रिकेसारखी दिसत होती, पण होती एपीके, म्हणजे मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाइल. उघडल्यावर खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. असं ॲप मेसेज वाचायची परवानगी मागतं. ती दिली की ओटीपी थेट चोराच्या हातात.

साधी खूण लक्षात ठेवा. पत्रिका पाहायला काहीच ‘इन्स्टॉल’ करावं लागत नाही. फाइलच्या नावाचा शेवट एपीकेने होत असेल, तर पाठवणारा सख्खा मामा असला तरी उघडू नका. त्याचा फोन आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असू शकतो. मामाला साधा फोन करून विचारा. चुकून उघडलीच, तर इंटरनेट बंद करा, बँकेला कळवा आणि दुसऱ्या फोनवरून लगेच १९३० ही सायबर हेल्पलाइन लावा.