कोडमधली चूक शोधताना (लेखांक ६) : ओळ कमेंट करणे

चूक प्रोग्रॅमच्या कोणत्या भागात आहे याचा अंदाज आला, की पुढचं काम संशयित ओळी एकेक करून बाजूला काढण्याचं. त्यासाठी ओळ पुसायची नसते. तिच्यापुढे ठरलेली खूण लावली की कंपायलर ती वगळतो. प्रोग्रॅम पुन्हा चालवायचा. बिघाड गेला तर संशय त्या ओळीवर, राहिला तर खूण काढून पुढे सरकायचं.

सोय जुनी आहे. १९५७च्या फोरट्रानमध्ये पंच कार्डाच्या पहिल्या रकान्यात ‘सी’ हे अक्षर असलं की ते कार्ड केवळ टिपण ठरे. आज पायथनमध्ये # लागतं, सी++ आणि जावात //. व्हीएस कोडमध्ये ओळी निवडून कंट्रोलसोबत / दाबलं की सगळ्यांना खूण लागते, तेच पुन्हा दाबलं की निघते.

बोटांना हे इतकं सोपं झाल्यामुळेच एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. समजा, सी भाषेत ‘शिल्लक कमी असेल तर’ अशी अट आहे. तिच्याखाली महिरपी कंसांशिवाय एकच ओळ : इशारा छापा. त्यानंतर अटीबाहेरची ओळ : व्यवहाराची नोंद करा. तुम्ही इशाऱ्याची ओळ कमेंट केलीत. आता अटीनंतरचं पहिलं विधान नोंदीचं उरलं, म्हणून तेच अटीत गेलं. शिल्लक पुरेशी असलेल्या व्यवहारांची नोंद होणं बंद! कोड भाषेच्या नियमांत बसतो, त्यामुळे कंपायलर त्याला चूक म्हणत नाही. एकाच ओळीची अट असली तरी कंस घालाच, हा माझा आग्रह यासाठी आहे. पायथन इथे सरळ अडून बसतो : अटीखाली काहीच उरलं नाही तर प्रोग्रॅम चालतच नाही, तिथे ‘पास’ लिहावं लागतं. मला ही अडवणूक फार मोलाची वाटते.

सीमध्ये मोठा भाग /* आणि */ यांच्यात टाकतानाही जपावं. आत आधीच असं टिपण असेल तर त्याच्या */ पाशीच बाहेरची कमेंट संपते आणि उरलेला कोड जिवंत राहतो. अशा वेळी ‘#इफ ०’ आणि ‘#एंडइफ’ यांची जोडी वापरावी.

तपास संपला की या ओळी काढून टाकाव्यात. जुनं रूप गिटमध्ये सुरक्षित असतंच. कमेंट केलेला कोड महिनोन्‌महिने पडून राहिला, की नव्याने आलेल्या माणसाला तो ठेवायचा की काढायचा, हे कळत नाही.

वेबपानाच्या बाबतीत तर ताबडतोब काढावं. एचटीएमएलमधली कमेंट ब्राउझर पडद्यावर दाखवत नाही, पण पानासोबत ती वाचकाच्या संगणकावर पोहोचतेच. पानाचा मूळ कोड उघडला की त्यात लपवलेला दुवा किंवा पासवर्ड कोणालाही वाचता येतो.