वजनाच्या ऑपरेशनची पहिली भेट

आमच्या धर्मग्रामातील एका शेतकरी बाईंबरोबर गेल्या महिन्यात मी बेळगावला एका सर्जनकडे जाऊन आलो. त्यांच्या परवानगीनेच हे लिहीत आहे. वय ५२, उंची १५२ सेंटिमीटर, वजन ९२ किलो. सहा वर्षांपासून मधुमेह. गुडघे असे की भातलावणीला चिखलात उतरणे बंद झाले आणि मिस्सेतही गुडघे टेकता येत नाहीत. जठर लहान करण्याचे ऑपरेशन असते असे मुलाने कुठूनसे ऐकले आणि खर्चासाठी रस्त्याकडेची दहा गुंठे जमीन विकायची बोलणीही सुरू केली. बाईंना ऑपरेशनपेक्षा जमिनीची धास्ती जास्त होती.

पहिल्याच भेटीत दाखल करून घेतील अशी घरच्यांची समजूत होती. तसे काही नसते. ही भेट मोजण्याची आणि बोलण्याची. आधी उंची-वजन घेतात आणि किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागतात. बाईंचा आकडा ३९.८ आला. आपल्या देशातील सर्जन साधारणपणे ३७.५ च्या पुढे, आणि मधुमेहासारखा आजार जोडीला असल्यास ३२.५ च्या पुढे ऑपरेशनचा विचार करीत आले आहेत. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात आशियाई लोकांसाठी हा आकडा २७.५ पर्यंत खाली आणला आहे.

मग डॉक्टरांनी विचारले, "मावशी, दिवसभरात काय काय खाता?"

"दोन वेळा भात, बस्स."

डॉक्टर काही बोलले नाहीत. झोप कशी लागते, घोरता का, छातीत जळजळ होते का, असे विचारत राहिले. हळूहळू बाई मोकळ्या झाल्या. शेतावर चार-पाच वेळा गोड चहा, घरचे निजल्यावर उरलेला भात आणि गूळ. सांगताना मान खाली. खादाडपणा हे सात मूळ पापांपैकी एक, हे लहानपणी धर्मशिक्षणात पाठ केलेले. डॉक्टर म्हणाले, "मी दोष द्यायला विचारत नाही. जळजळ असेल तर एक ऑपरेशन नको, दुसरे बरे. घोरण्याचा आजार असेल तर भूल देताना जपावे लागते." आपण पापनिवेदनात खरे बोलतो आणि डॉक्टरांपुढे मात्र लपवतो, हे मला तिथे जाणवले. स्थूलपणात आनुवंशिकता आणि शरीरातील रसायने यांचाही मोठा वाटा असतो. त्याला नुसते पाप म्हणून चालत नाही.

तंबाखूचे विचारले तेव्हा बाई "नाही" म्हणाल्या. सूनबाई हळूच म्हणाली, "सासूबाई मिशेरी लावतात की!" मिशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती ऑपरेशनच्या आधी सोडावी लागेल, असे डॉक्टरांनी बजावले.

ऑपरेशने मुख्यत्वे दोन. एकात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापून काढतात. त्याने जळजळ वाढू शकते. दुसऱ्यात जठराची लहानशी पिशवी करून ती आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. दोन्ही पोटाला लहान भोके पाडून दुर्बिणीतून होतात. मधुमेह पुष्कळदा आटोक्यात येतो. पण टाक्यांतून गळती, रक्तस्राव असे धोके आहेत, आणि चांगल्या ठिकाणीही हजारात एखादा रुग्ण दगावतो. पुढे जन्मभर बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व घ्यावे लागते व रक्त तपासत राहावे लागते. जेवण अगदी थोडे, चावून चावून. जेवताना पाणी नाही. चार ते सहा आठवडे जड ओझे उचलायचे नाही, म्हणून सुगीच्या तोंडावर तारीख घेऊ नये. गोळ्यांचा हा कायमचा खर्च आधीच विचारून घ्यावा. अशी ऑपरेशने किती केली आणि नंतर काही झाल्यास कोणाकडे यायचे, हेही विचारावे. विचारल्याने चांगला डॉक्टर रागावत नाही.

आठवड्यातून एकदा घ्यायची वजनाची नवी इंजेक्शने २०२५ साली आपल्याकडे आली, तीही डॉक्टरांनी सांगितली. ती थांबवली की बहुतेकांचे वजन परत चढते.

आता जमिनीचे. बाईंचा आरोग्य विमा होता, पण लठ्ठपणाच्या ऑपरेशनला विमा मिळतच नाही असे मुलगा धरून चालला होता. विम्याच्या कागदात त्यासाठी ठरावीक कलम असते : वय १८ पूर्ण, डॉक्टरांचा सल्ला, आणि आकडा ४० किंवा अधिक. आकडा ३५ च्या पुढे असून औषधांनीही न आवरणारा मधुमेह, हृदयविकार किंवा झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र आजार असेल, आणि साधे उपाय करून वजन उतरलेले नसेल, तरीही विचार होतो. बाई ४० ला थोडक्यात कमी पडतात. म्हणून त्यांच्या साखरेचे जुने रिपोर्ट महत्त्वाचे. निम्मे फेकून दिलेले होते. आपणही असे कागद पिशवीत बांधून ठेवावेत. पॉलिसीचा प्रतीक्षाकाळही पाहून घ्यावा लागतो.

डॉक्टरांनी तारीख दिली नाही. दुर्बिणीने जठराची तपासणी, सोनोग्राफी, थायरॉइड, आहारतज्ज्ञ आणि मनाच्या डॉक्टरांची भेट, एवढे लिहून दिले. पुढची भेट भातकापणीनंतर. विमा कंपनीचे उत्तर येईपर्यंत जमिनीची बोलणी थांबवली आहेत. मिशेरीची डबी अजून चुलीमागच्या फळीवरच आहे, असे सूनबाईने परवा मिस्सेनंतर सांगितले.