फाइल पोचली, पण मागे काय राहिलं?

मिरजेच्या रुग्णालयात काढलेला सीटी स्कॅन पुण्यातल्या तज्ज्ञाला दाखवायचा असतो. कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्याला सुट्या भागाचं ड्रॉइंग गिऱ्हाइकाकडे धाडायचं असतं. साताऱ्यातल्या एखाद्या सहकारी बँकेतून पगाराच्या, हप्त्यांच्या फाइली मोठ्या बँकेकडे जायच्या असतात. अशा जड आणि नेमाने जाणाऱ्या फाइली ईमेलला पेलत नाहीत, म्हणून फाइल ट्रान्सफर सर्व्हर बसवला जातो. कोटेशन मागवताना तीन गोष्टी विचारल्या जातात : किंमत किती, वेग किती आणि ‘एन्क्रिप्शन आहे ना?’ तिसरा प्रश्न रास्त असला, तरी त्याचं उत्तर तीस वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे.

फाइल ट्रान्सफरची मूळ पद्धत म्हणजे एफटीपी. तिचा पहिला आराखडा एका भारतीयाने लिहिला. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले अभय भूषण एमआयटीत असताना, एप्रिल १९७१ मध्ये त्यांनी ‘आरएफसी ११४’ हे टिपण प्रसिद्ध केलं. त्या काळी अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावर, संगणक मोजके आणि वापरणारेही बहुतेक संशोधकच. त्यामुळे एफटीपीत पासवर्ड साध्या अक्षरांत जाई आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी असे पासवर्ड टिपून घेतले. तिथल्या तातू युलोनेन यांनी त्यावर उपाय म्हणून सगळी देवाणघेवाण एन्क्रिप्ट करणारं एसएसएच तयार केलं. आजचं एसएफटीपी त्याच्याच आधाराने चालतं. एफटीपीएस हे मात्र वेगळं. ती जुनीच एफटीपी, वर टीएलएस या एन्क्रिप्शनचं आवरण घातलेली, आणि तिच्यासाठी फायरवॉलमध्ये पोर्टची भलीमोठी रांग मोकळी ठेवावी लागते. या दोन नावांची गल्लत विक्रेतेही करतात. अशी गल्लत करणाऱ्याकडून खरेदी न केलेली बरी.

वाट अशी सुरक्षित झाली, तशी चोरांनी थेट सर्व्हरकडेच नजर वळवली.

जुलै २०११ मध्ये ‘व्हीएसएफटीपीडी’ या लोकप्रिय मोफत एफटीपी सॉफ्टवेअरची गोष्ट उघडकीला आली. नावातच ‘अतिसुरक्षित’ असा दावा. त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरची २.३.४ ही आवृत्ती कुणीतरी गुपचूप बदलली होती. लॉगिनच्या नावात हसऱ्या चेहऱ्याची दोन चिन्हं टाकली, की ६२०० क्रमांकाचं पोर्ट उघडायचं आणि सगळा संगणक परक्याच्या ताब्यात जायचा. फाइलीसोबतची डिजिटल स्वाक्षरी ज्यांनी तपासली, त्यांना ती जुळत नाही हे लगेच दिसलं असतं. ती तपासतो कोण, हा प्रश्न आजही तसाच आहे.

त्याहून मोठा दणका मे २०२३ मध्ये बसला. ‘मूव्हइट’ हे मोफत नव्हे, चांगलं महागडं आणि मोठमोठ्या कंपन्यांनी पारखून घेतलेलं सॉफ्टवेअर. फाइली चढवण्या-उतरवण्यासाठी त्यात एक वेबपान होतं आणि त्याच पानात एसक्यूएल इंजेक्शनची फट निघाली. म्हणजे पानाकडे पाठवलेला मजकूर डेटाबेस हुकूम समजून पाळत होता. ‘क्लॉप’ टोळीने अमेरिकेतल्या सुट्टीचा शनिवार-रविवार गाठला आणि दुरुस्ती येईपर्यंत शेकडो सर्व्हर उपसले. पुढे अडीच हजारांहून अधिक संस्थांना झळ पोचली. बीबीसी आणि ब्रिटिश एअरवेज यांनी तर काहीच चुकीचं केलं नव्हतं. त्यांच्या पगाराचं काम पाहणारी कंपनी मूव्हइट वापरत होती, एवढंच.

मला या प्रकरणात फटीपेक्षा दुसरीच गोष्ट खटकते. फट आज ना उद्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये निघते. पण चोरांच्या हाती लागलेल्या फाइलींपैकी कितीतरी केव्हाच पोचून, वापरून झालेल्या होत्या. कुणी पुसल्या नाहीत म्हणून त्या सर्व्हरवर पडून होत्या. तेव्हा खरेदीआधीचा पहिला प्रश्न माझ्या मते हा असावा : फाइल पोचल्यावर ठरावीक दिवसांनी ती आपोआप पुसली जाते का?

बाकीचं ओघाने येतं. सर्व्हरचं प्रशासकीय पान इंटरनेटवरून दिसता कामा नये. ठरावीक गिऱ्हाइकांचेच आयपी आत यावेत, पासवर्डऐवजी एसएसएच की वापरावी आणि प्रत्येकाला स्वतःच्या फोल्डरपलीकडचं काही दिसू नये. एवढंच हवं असेल तर मोफत ओपनएसएसएच पुरतं. त्यातही जुलै २०२४ मध्ये गंभीर दोष सापडला होता, पण तो जाहीर झाला तेव्हा दुरुस्ती तयार होती. ती लावणारा माणूस तुमच्याकडे आहे का, हे कोटेशनमध्ये लिहिलेलं नसतं. सांगलीच्या छोट्या संस्थेत हे काम सहसा कंत्राटदाराकडे असतं आणि तो फोन केल्यावर येतो.

आपल्या भागाला जाग आली ती वेगळ्या निमित्ताने. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या सर्व्हरमध्ये शिरून ९४ कोटींहून अधिक रुपये पळवले गेले. त्यात बनावट कार्डांनी कोल्हापुरातल्या एटीएममधून काढलेली रक्कमही होती. त्यानंतर जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज या तंत्रज्ञान कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि देशभरातल्या सुमारे ३०० लहान बँकांचे व्यवहार अडकले. दोन्ही प्रकरणं फाइल ट्रान्सफरची नव्हेत. पण मूव्हइटसारखंच सी-एजच्या बाबतीतही झालं : हल्ला एकीकडे, फटका दुसऱ्यांना.

असं काही घडलं, तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार सहा तासांत तिला कळवावं लागतं आणि १८० दिवसांच्या नोंदी जपलेल्या असाव्या लागतात. आत शिरलेला चोर त्याच सर्व्हरवरच्या नोंदी सहज पुसू शकतो. म्हणून नोंदी त्याच क्षणी दुसऱ्या यंत्रावर पाठवण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे का, हे डेमोच्या वेळीच चालवून पाहावं.