न भरणारी जखम आणि शरीराची राखण



संत्र्याच्या खोडातून डिंक वाहताना दिसला की जामसांवली-सौंसरकडील बागाईतदार थांबत नाही. सडलेली साल खरवडतो, बोर्डो मलम लावतो. पण स्वतःच्या पायावरची जखम सहा महिने वाहत असली तरी 'भरेल हळूहळू' म्हणून फडके गुंडाळून तोच माणूस शेतावर जातो. अशा जखमेत कधी कधी त्वचेचा कर्करोग होतो. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी झाली आहे, त्यांनी तर अधिकच जपले पाहिजे.

राखण कशी चालते?
आपल्या कातडीत पहारेकरी पेशी असतात. लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने त्या १८६८ साली प्रथम दाखविल्या. बिघडलेली पेशी दिसली की त्या रक्तातील लढाऊ पांढऱ्या पेशींना वर्दी देतात व बिघाड तिथेच संपतो. कडक ऊन दुहेरी नुकसान करते : पेशी बिघडवते आणि पहाराही मंद करते. आपल्या सावळ्या कातडीतील रंगद्रव्य उन्हाला बरेच अडवते, म्हणून हा रोग आपल्याकडे गोऱ्या लोकांपेक्षा कमी. मात्र तो पुष्कळदा जुन्या भाजल्याच्या व्रणात किंवा वर्षानुवर्षे न भरलेल्या जखमेत उद्भवतो. व्रणाच्या कठीण कातडीत पहारेकरी नीट पोचत नाहीत, हे त्याचे एक कारण मानतात. घट्ट धोतर कमरेला सतत घासून होणारा कर्करोग मुंबईच्या डॉ. खानोलकरांनी व सहकाऱ्यांनी १९४५ साली नोंदविला होता.

राखण कोणाची कमी?
भारतातील पहिले यशस्वी मूत्रपिंडरोपण १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाले. परके मूत्रपिंड टिकावे म्हणून रोग्याला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कायम घ्यावी लागतात. त्यामुळे बिघडलेल्या पेशींनाही मोकळे रान मिळते. एचआयव्ही, रक्ताचा कर्करोग आणि दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड औषधे यांनीही राखण ढिली पडते. सांधेदुखीवर कोणी बिननावाच्या पुड्या देत असेल तर त्यात स्टेरॉइड असू शकते. त्या घेऊ नका. डॉक्टरांनी दिलेली औषधे मात्र मनाने बंद करू नका. ती थांबविली तर रोपण केलेले मूत्रपिंड निकामी होऊ शकते.

केव्हा धावावे?
१. जखम ४ आठवड्यांत भरत नसेल.
२. कडा जाड होऊन उलटल्या असतील, किंवा फुलकोबीसारखे मांस वाढत असेल.
३. सहज रक्त येत असेल, घाण वास सुटला असेल.
४. तळपायावर किंवा नखाखाली काळा डाग वाढत असेल.
५. जखमेच्या बाजूच्या जांघेत किंवा काखेत गाठ आली असेल.

डॉक्टर जखमेच्या कडेचा लहान तुकडा तपासणीस पाठवतात. तुकडा काढल्याने रोग पसरतो ही समजूत खोटी आहे. लवकर सापडलेला रोग बहुधा शस्त्रक्रियेने निघतो. उशीर झाला तर कधी पाय कापावा लागतो. पुढच्या टप्प्यातील काही रोग्यांसाठी २०१८ पासून पांढऱ्या पेशींवरील लगाम सोडणारी औषधे मिळू लागली आहेत. पण ज्यांना मूत्रपिंड बसविले आहे त्यांचे मूत्रपिंडच त्यांनी धोक्यात येऊ शकते. म्हणून वेळेवर ओळखणे हाच खरा उपाय.

घरी काय करावे?
जखमेवर बिब्बा, शेण, राख लावू नका. स्वच्छ पाण्याने धुऊन स्वच्छ पट्टी बांधा. उन्हात पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्यावर उपरणे किंवा पदर आणि पायात जोडे असू द्या. आठवड्यातून एकदा आंघोळीच्या वेळी तळपाय व जुने व्रण पाहा. पाठ घरच्यांना पाहू द्या.

प्रथम जवळच्या दवाखान्यात दाखवा. पुढील तपासणीस नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आपल्याला लांब नाहीत. कापूस वेचणी संपू दे, मग जाऊ, असे म्हणू नका. वेचणी दोन दिवस थांबेल. हा रोग थांबत नाही.