सर्व्हर घेताना एक यंत्र बंद धरून हिशोब करा

जमाखर्च, मालाचा साठा, बिले आणि उधारी संगणकावर गेल्यापासून सर्व्हर बंद म्हणजे पेढीही बंद, अशी अनेकांची स्थिती आहे. म्हणून मोठ्या पेढ्या, पतसंस्था व रुग्णालये तीन-चार सर्व्हरांचा गट बसवतात. पूर्वी काम करणारा सर्व्हर वेगळा आणि माहिती साठवणारी पेटी वेगळी असे. हायपरकन्व्हर्ज्ड क्लस्टर या पद्धतीत गटातील प्रत्येक यंत्र, म्हणजे नोड, दोन्ही कामे करते आणि माहितीच्या प्रती निरनिराळ्या नोडांवर राहतात.

विक्रेता कोटेशनमध्ये बेरीज दाखवतो; खरेदीदाराने वजाबाकी करावी. प्रत्येकी २५६ जीबी मेमरीचे तीन नोड घेतले तर बेरीज ७६८ जीबी होते. एक नोड बंद पडला की उरतात ५१२. सगळे काम तेवढ्यात बसले पाहिजे. शिवाय साठवणुकीचे सॉफ्टवेअरही मेमरी खाते. सेफ हे प्रचलित सॉफ्टवेअर घेतल्यास दर डिस्कमागे साधारण ४ जीबी बाजूला ठेवावे.

डिस्कचेही तसेच. प्रत्येक नोडात ३.८४ टीबीच्या चार डिस्क, म्हणजे तीन नोडांत एकूण ४६.०८ टीबी. माहितीच्या तीन प्रती ठेवल्या की वापरायला १५.३६ टीबी मिळतात. ८५ टक्के भरताच सेफ इशारा देते, म्हणून १३ टीबीच आपले समजावेत.

नोड किती घ्यावेत? सुरुवात तीनपासून. मात्र तिघांतला एक गेला तर तिसरी प्रत ठेवायला जागा उरत नाही, आणि दुरुस्तीआधी दुसरा गेला तर काम थांबते. चौथा नोड असेल तर हरवलेली प्रत उरलेल्या तिघांवर पुन्हा तयार होते. पैसा मर्यादित असेल तर तीन भारी यंत्रांपेक्षा चार मध्यम यंत्रे बरी. सर्व नोड एकसारखे असावेत.

डिस्क सर्व्हरसाठी बनवलेलीच घ्यावी. वीज गेली तरी हातातली नोंद पूर्ण लिहिण्याची सोय तिच्यात असते. घरगुती एसएसडीत ती सहसा नसते. मेमरी ईसीसी प्रकारची आणि नोडांना जोडणारे नेटवर्क किमान १० गिगाबिटचे हवे.

लायसन्सचा खर्चही आधी विचारावा. ब्रॉडकॉमने २०२३ मध्ये व्हीएमवेअर विकत घेतल्यावर कायमची लायसन्से बंद झाली. आता मुदतीची वर्गणी प्रोसेसरच्या कोरनुसार भरावी लागते. गरजेपेक्षा जास्त कोर घेतले तर त्यांचा भार दर नूतनीकरणाला सोसावा लागतो.

शेवटी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तीन प्रती म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली नोंद तिन्ही ठिकाणी पुसली जाते. बॅकअप वेगळ्या जागी हवाच. दहा-बारा माणसांच्या दुकानाला बहुधा एक चांगला सर्व्हर आणि रोजचा बॅकअप पुरतो. तेथे क्लस्टरच्या मागे लागून भांडवल अडकवू नये.